त्या सैनिकाचे डोळे कुणी आखायचे

माझं पुस्तक वाचून कुणाला माझा राग येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. एक तर ते शाळकरी पोरांसाठी लिहिलेलं, आणि मी काही नावाजलेली लेखिका नाही. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर नमुने तपासायचे, सुट्टीच्या दिवशी लिहायचं. अशा सुट्ट्या जोडत जोडत ती कादंबरी झाली. दुसऱ्या महायुद्धातली. रोहा तालुक्यातला एक कोवळा पोरगा पलटणीत भरती होतो, ब्रह्मदेशच्या जंगलात जाऊन पोचतो, आणि एका ओढ्याकाठी त्याच्यासमोर त्याच्याच वयाचा जखमी जपानी सैनिक येतो. हातात संगीन लावलेली बंदूक असूनही आमचा पोरगा त्याला मारत नाही. आपल्याजवळचं पाणी पाजतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. तिथे कादंबरी संपते.

पेणच्या एका शाळेने नववीच्या मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. तिथे एका मुलीने विचारलं, "त्या जपान्याचं पुढे काय झालं?"

माझं उत्तर तयार असायचं. "ते तुम्ही ठरवायचं," मी म्हटलं. बाकीची पोरं हसली. ती हसली नाही. खाली बसली आणि वहीच्या कोपऱ्यावर काहीतरी गिरवत राहिली. कार्यक्रम संपल्यावर मात्र तिने माझा नंबर मागून घेतला.

पुढच्या पावसाळ्यात तिचा फोन आला. ती पेणजवळच्या जोह्याची, जिथे घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडतात. तिच्या गावातल्या मंडळाने यंदा गणपतीत माझ्या कादंबरीवर हलता देखावा करायचं ठरवलं होतं. पुतळे, मोटरी, दिवे, आवाज, सगळं.

"मॅडम, करू ना?"

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. "करा की! विचारायचं काय त्यात?"

"थोडा बदल केला तर चालेल?"

"चालेल. देखाव्यात सगळं पुस्तक कसं मावणार?"

"तसं नाय," ती म्हणाली आणि जरा थांबली. "बरं. मग तुम्ही बघायला या."

गणपती दोन-तीन दिवसांवर आले असताना मी रजा टाकून गेले. रोह्याहून पेणला एसटी, तिथून जोह्याला रिक्षा. त्या दिवसांत जोह्यात पाय ठेवायला जागा नसते. घराघरापुढे ताडपत्र्या, त्यांखाली ओळीने मूर्ती, दारात टेम्पो उभे, आणि सगळीकडे रंगाचा वास. मुलगी रस्त्यावर येऊन थांबली होती. आधी ती मला तिची आई काम करते त्या मूर्तींच्या कारखान्यात घेऊन गेली. कारखाना म्हणजे लांबलचक शेड. आत एका पाटावर तिची आई बसली होती, मांडीजवळ रंगाच्या वाट्या आणि हातात बारीक ब्रश. ती आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. मूर्ती घडवणारे पुष्कळ असतात, डोळे आखणारे थोडे. बाईने मान वर केली, हसली, म्हणाली, "बसा बाई. एवढा डोळा होऊ दे."

मी बसले. ती बुबुळात पांढरा ठिपका देत होती. श्वास रोखून तिने ब्रश टेकवला, उचलला, आणि तो मातीचा चेहरा एकदम माझ्याकडे बघायला लागला. मी ते पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते.

"आईला सांगा मी च्या आणते," मुलगी मला म्हणाली.

आई तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेली. मला वाटलं, ऐकण्यात माझी चूक झाली. तेवढ्यात आईही माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला सांगा, माझ्यासाठी नको."

मग कळलं, दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मुलीचे वडील डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, ते शिफ्टला गेलेले. थोरला भाऊ सैन्यात, तिकडे वर सीमेवर. घरात काय त्या दोघीच, आणि दोघींमध्ये हे असं. चहा मी घशाखाली उतरवला आणि आम्ही मंडपाकडे निघालो.

मंडपात गणपती अजून यायचा होता. बाजूच्या भागात मंडळाच्या पोरांनी जंगल उभं केलं होतं. खऱ्या बांबूंची बेटं, नारळाच्या झावळ्या, ओढ्याला खरं पाणी. मला बघून पोरं उठून उभी राहिली. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. "चालू कर," एक जण म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या पोराने बटण दाबलं.

आधी अंधार झाला. मग बेडकांचा आवाज. मग हिरवा दिवा लागला, आणि माझा पोरगा, ज्याला मी कितीतरी सुट्ट्या मनात वागवला होता, तो झाडामागून पुढे सरकला. पुरुषभर उंच, खाकी कपडे, कोवळी मिशी. चेहरा हसरा, अगदी प्रसन्न. त्याच्या पायाशी दुसरा सैनिक उताणा पडला होता. पोऱ्याच्या हातातली बंदूक वर गेली आणि खाली आली. संगीन पडलेल्याच्या पोटात शिरली. लाल दिवा लागला. कर्ण्यातून किंकाळी आली. बंदूक पुन्हा वर गेली.

पुन्हा खाली आली.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती एका तालात वर-खाली होत होती आणि प्रत्येक वेळी पोऱ्या तसाच हसत होता. पोरं माझ्याकडे आशेने बघत होती.

"मोटर गाडीच्या वायपरची हाय मॅडम," एकाने कौतुकाने सांगितलं. "एकदम बरोबर बसली."

"तो... हसतोय का?" मी कसंबसं विचारलं.

"मुंडकं मुरलीधराच्या साच्यातलं हाय ना. मिशी वरनं लावली. सैनिकाचा साचा कुठून आणायचा?"

"आणि खालचा?"

"तो महिषासुर. नवरात्रात देवीच्या पायाशी असतो तो. शिंगं कापली फक्त."

मी उठून जवळ गेले. शिंगं कापली होती, पण सुळे तसेच होते. रुंद नाकपुड्या, वासलेला जबडा. आणि डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं, नुसता पांढरा रंग. चेहरा सगळा रंगवलेला, ओठ लाल, आणि वर ते दोन पांढरे गोळे. बंदूक माझ्या खांद्याजवळून खाली आली तशी मी दचकून मागे सरले. "बंद करा," म्हटलं.

पोरांना काय झालं ते कळेना. मुलगी मला मंडपाच्या मागे घेऊन आली. समोर भातशेती, हिरवीगार, लोंबीवर यायला लागलेली.

"या पोरांनी तुझं ऐकलं नाही ना?" मी म्हटलं. माझी खात्रीच होती. "तू सांगितलं असशील, पण लोकांना मारामारी आवडते म्हणून त्यांनी..."

"नाय मॅडम," ती म्हणाली. "मीच बदलला शेवट."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"पोरं म्हणत होती, पुस्तकात आहे तसंच करू. मीच नको म्हटलं."

"का गं?"

तिने एक गवताची काडी उपटली, मोडली, फेकली. मग एका दमात बोलली. यंदाच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली तेव्हा तिच्या भावाचा फोन लागत नव्हता. रोज संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे. आई जेवत नव्हती, वडील शिफ्टवरून येऊन तसेच चपला घालून उभे राहायचे. आणि अशा दिवसांत तिने माझं पुस्तक पुन्हा काढून वाचलं. बरं वाटेल म्हणून.

"आणि तो त्याला सोडून देतो," ती म्हणाली. "पाणी पाजतो आणि सोडून देतो! मॅडम, तो बरा होईल ना? मग परत बंदूक घेऊन येईल ना? आणि कोणाला मारेल? माझ्या दादासारख्याच कोणाला तरी. मी तुम्हाला शाळेत विचारलं, पुढे काय झालं. तुम्ही म्हणालात, तुम्ही ठरवा. मी ठरवलं."

त्याच दिवसांत आमच्या धाटावला भोंगे वाजवून सराव झाला होता. हल्ला झाला तर काय करायचं त्याचा. आम्ही प्रयोगशाळेतली माणसं टेबलांखाली शिरलो, एकमेकांची डोकी आपटली म्हणून खोखो हसलो, आणि बाहेर येऊन चहा प्यायलो. ते मला त्या बांधावर उभं असताना आठवलं आणि कानशिलं तापली. मी युद्धावर अख्खी कादंबरी लिहिली होती. ही पोर तिथे पेणच्या पलीकडे खरं युद्ध घरात घेऊन बसली होती, आणि तिने उशाशी माझं पुस्तक ठेवलं होतं.

"त्याला डोळे का नाहीत?" मी विचारलं.

तिचा चेहरा आक्रसला. "आईने आखले नाय. म्हणून तर बोलत नाय मी तिच्याशी. मंडळाचं काम हाय, दरवर्षी तीच करते. पोऱ्याचे आखले. याचे नाय म्हणाली. मॅडम, तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

म्हणजे मी कशाला आले होते, आणि ही मला काय सांगायला लावत होती! पण तिने हात धरून ओढलं, आणि मी पुन्हा त्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले. काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "बघून आलात ना बाई?"

"आले."

"मग तुम्हीच सांगा. आपण डोळे आखतो तेव्हा त्याच्यात जीव येतो. मी लहानपणापासून हेच ऐकलं, हेच केलं. त्याचे डोळे मी उघडायचे, आणि मग तुम्ही मोटर लावून दिवसभर त्याला भोसकायचं? अनंत चतुर्दशीपर्यंत?" तिने ब्रश पाण्यात बुडवला. "माझ्याच्यानं नाय होत ते."

"आणि पोऱ्याचे आखलेस ते?" मुलगी एकदम थेट आईला म्हणाली. किती दिवसांनी, कोण जाणे. "तो मारणारा हाय. त्याचे आखताना हात नाय थरथरला?"

"थरथरला गो," आई म्हणाली. "तो माझ्या पोरासारखा दिसत होता. म्हणून तर आखले."

शेडमध्ये आणखी बायका काम करत होत्या. सगळ्यांचे हात थांबले. मुलगी तरातरा बाहेर निघून गेली. मला वाटलं, आई रडेल. ती रडली नाही. तिने पुढची मूर्ती ओढली आणि कामाला लागली. मी तशीच निघाले. वडखळपर्यंत रस्त्याला खड्डे, गाडी आपटत होती, आणि प्रत्येक धक्क्याला माझ्या डोळ्यांपुढे ती बंदूक खाली येत होती.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. त्याला बोळवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा जोह्याला गेले. देखावा त्या दिवशी खुला होणार होता. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. पण मुलीने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "डोळे झाले. या." कुणी आखले, ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आई नमली.

मंडपात गर्दी होती. पुढे बायका आणि लहान पोरं खाली बसलेली, मागे पुरुष उभे. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मुलीची आई अगदी कडेला, खांबाला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिने दुसरीकडे पाहिलं. मुलगी बटणांपाशी बसली होती, तिच्या बोटांना काळा रंग लागला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

अंधार झाला. बेडूक ओरडले. कर्ण्यातून मुलीचाच आवाज आला, गोष्ट सांगणारा, छान स्पष्ट. हिरवा दिवा लागला आणि पोऱ्या झाडामागून पुढे आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग खालच्यावर उजेड पडला.

त्याला डोळे होते. लांबट, शांत, वरच्या पापण्या जरा मिटत आलेल्या, बुबुळात पांढरा ठिपका. सुळ्यांच्या आणि वासलेल्या जबड्याच्या वर गणपतीचे डोळे.

मुलीला दुसरे डोळे आखताच येत नव्हते. आईच्या मांडीशी बसून ती जे शिकली होती, तेच तिच्या हातातून उतरलं होतं. तिने ते राक्षसाचे करायचा प्रयत्नही केला असणार. कडेला लाल रेघ ओढलेली दिसत होती. पण उपयोग झाला नव्हता. तो राक्षस उताणा पडल्या पडल्या वर बघत होता, देव बघतो तसा, मायेने.

बंदूक वर गेली.

माझ्या मागे एक बाई "अगो बाय!" म्हणाली. एका म्हातारीने, काय होतंय ते तिला कळलं होतं की नव्हतं कोण जाणे, पण डोळे दिसले म्हणून सवयीने हात जोडले. बंदूक खाली आली, लाल दिवा लागला, किंकाळी फुटली. कुणीही टाळी वाजवली नाही. समोरचं एक लहान पोर भोकाड पसरून रडायला लागलं, आणि त्याच्या आईने त्याचं तोंड पदरात दाबलं. बंदूक पुन्हा वर जात होती. मी उठायला गेले.

तेवढ्यात सगळं थांबलं. मोटरीची घरघर बंद पडली. संगीन हवेतच, पोटापासून वीतभर वर. मी वळून पाहिलं. मुलीने वायरच उपसली होती. ती हातात धरून ती उभी होती, चेहरा पांढराफटक पडलेला.

"काय झालं गो? बिघडलं?" कुणीतरी विचारलं.

तिने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

मग नुसता गोंधळ. मंडळाची मोठी माणसं पुढे आली. कुणी म्हणालं, चालू करा, लोक लांबून आलेत. कुणी म्हणालं, देवाचे डोळे राक्षसाला लावलेच कसे, हा अपमान हाय. एक पोरगा तावातावाने म्हणाला, "पुसून टाकतो, दुसरे आखतो," आणि ओलं फडकं घेऊन कुंपणाच्या आत शिरला. पुतळ्याजवळ वाकला, आणि तसाच थांबला. फडकं घेतलेला हात पुढे जाईना. थोड्या वेळाने तो परत बाहेर आला. "माझ्यानं नाय होत," एवढंच म्हणाला.

मुलीची आई खांबापासून हलली नव्हती. ती मुलीकडे बघत होती, टक लावून. मुलीने वायर खाली ठेवली आणि मंडपाबाहेर गेली. आई तिच्या मागे गेली नाही. मला वाटत होतं, जाईल.

मी बाहेर आले तेव्हा मुलगी बांधावर बसली होती. मी शेजारी बसले.

"तुम्हाला वाटेल, मला पटलं," ती शेवटी म्हणाली. "पुस्तक बरोबर होतं म्हणून बंद केलं असं वाटेल."

"नाही वाटत."

"मला बघवलं नाय. बस. तो सुटला तर परत येईल, हे अजून खरंच हाय ना?"

"हो," मी म्हटलं. "खरं आहे."

"मग?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने ठेवू दिला.

पुढचे सगळे दिवस मंडळाने देखावा तसाच ठेवला, मोटर न लावता. संगीन वर उचललेली, खाली ते डोळे. बक्षीस मिळालं नाही. काही लोक नाराज झाले, काही दुसऱ्यांदा बघायला आले, असं मला नंतर कळलं. कुणीतरी पहिल्या दिवशीची चित्रफीत मुलीच्या भावाला पाठवली होती. त्याने घरी फोन करून विचारलं, मोटर मध्येच बंद का पडली. मुलीने सांगितलं, जळली. त्याने जास्त काही विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

विसर्जनानंतर तिचा मला फोन आला. मी प्रयोगशाळेत होते, हातमोजे काढून बाहेर जिन्यावर आले.

"मॅडम, आई बोलली," ती म्हणाली.

"काय बोलली?"

"डावा डोळा चुकला म्हणाली. पापणी जाड झाली, आणि लाल रेघ कशाला ओढलीस म्हणून ओरडली. म्हणाली, नवरात्राच्या मूर्ती आल्यात, उद्यापासून शाळेतनं आलीस की माझ्याजवळ बस."

"बसलीस?"

"बसले. पण महिषासुराचे डोळे अजून मला आखायला देत नाय," ती म्हणाली, आणि त्या अख्ख्या दोन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं.